सातमीचा नैवेद्य आणि झिपरीचे पाय

आमच्याकडे दोन गाढवं आहेत, हे पूर्वी मी आपणहून कोणाला सांगत नसे. विचारलंच तर "आहेत दोन जनावरं" एवढंच. बडोद्यातल्या आमच्या नात्यागोत्यात कोणाची मुलं कॅनडात असतात, कोणाची सून बँकेत असते, कोणाकडे केसाळ कुत्रं असतं. गाढवं कोणाकडे नसतात. माझ्या नणंदेला, मंदावन्संना, पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्षं रेल्वेत काढली देवेंद्रने, एखादा घोडा तरी परवडला असता की गं!"

हे रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर करजणच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत, दोन विघे जमीन घेतली. इथे शेताला वाडी म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. बडोद्यातला गोत्रीचा फ्लॅट बंद केला आणि वाडीतल्या दोन खोल्यांत राहायला आलो. दुधी, गवार, बांधाला तूर, चार आंबे. आणि झिपरी.

झिपरी आमच्याकडे आली ती मगनकाका कुंभारांकडून. त्यांनी मातीसाठी टेम्पो घेतला, मग गाढवीला काम राहिलं नाही. एक दिवस तिला आणि तिच्या पोराला आमच्या फाटकाशी आणून उभं केलं आणि म्हणाले, "बेन, तुम्ही देवधर्माची माणसं. हिने माझी बावीस दिवाळ्यांची पणत्यांची माती वाहिली. हिला कुठे सोडून द्यायला माझा हात होत नाही." कपाळावरचे केस तिच्या डोळ्यांवर येतात म्हणून मी तिला झिपरी म्हणायला लागले. पोराचं नाव ह्यांनी ठेवलं, सिग्नल. त्याचा एक कान कायम वर असतो आणि एक खाली.

आमचा दिवस त्यांच्याभोवतीच जातो. सकाळी गोठा झाडायचा. खुरांत अडकलेली माती काढायची. त्यासाठी ह्यांनी एक जुना स्क्रूड्रायव्हर वाकवून घेतलाय. झिपरी पाय देते. सिग्नल आधी ह्यांच्या खिशात तोंड घालून बघतो, मग देतो. दुपारी दोघं धुळीत लोळतात आणि उठून अंग झटकतात, तेव्हा वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. संध्याकाळी दिवा लावला की मी बांधावर उभी राहून हाक मारते, "ये गं बाय, ये!" वाडीच्या कुठल्याही टोकाला असली तरी झिपरी येते. ह्यांनी शिट्टी वाजवून पाहिली, डबा वाजवून पाहिला. ती मान वर करून बघते आणि पुन्हा चरायला लागते.

"माझी शिट्टी ऐकून अख्खी गाडी हलायची," हे म्हणतात, "आणि ही बाई हलत नाही."

हाक संध्याकाळीच का, तर सकाळी मी बोलत नाही. उठल्यापासून पूजा-आरती होईपर्यंत, म्हणजे नवापर्यंत, माझं मौन असतं. बावीस वर्षांपूर्वी यार्डात ह्यांचा उजवा पाय दोन डब्यांच्या मध्ये सापडला होता. पाय ठेवायचा की काढायचा, अशी डॉक्टरांची चर्चा अकरा दिवस चालली होती. तेव्हा मी देवीपुढे बसून म्हटलं होतं, पाय राहू दे, रोज सकाळचा माझा आवाज तुझा. पाय राहिला. त्यानंतर एकही सकाळ मी मोडली नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशीही व्याह्यांचं स्वागत हात जोडूनच केलं. माझ्यासारख्या बाईला ते जड गेलं नाही. एरवीही माझा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही.

आता सातमीचं सांगते.

आमची शीतळासप्तमी श्रावण शुद्धात, इथली गुजराती सातम श्रावण वद्यात. मी दोन्ही करते. देवीला दोनदा गार खायला घातलं म्हणून ती रागावायची नाही. आदल्या दिवशी सगळा स्वयंपाक करून चूल विझवायची, सातमीला थंड पाण्याने अंघोळ आणि गार जेवण. आणि शीतळामातेचं वाहन गाढव. हे मला लहानपणापासून माहीत होतं, देवळातल्या चित्रात पाहिलं होतं. पण आपल्या गोठ्यात उभ्या असलेल्या झिपरीशी त्याचा संबंध जोडायचं मला सुचलं नव्हतं. ते सुचलं आमच्या गोत्रीच्या भजनी मंडळाच्या पूर्णिमाताईंना.

"निरू, अगं तुझ्याकडे साक्षात मातेचं वाहन आहे आणि आम्ही भिंतीवरच्या चित्राला हळद-कुंकू लावतो!" त्या फोनवर एवढ्याने ओरडल्या की बाहेरून हे विचारायला आले, काय झालं. "ह्या सातमीला आम्ही सगळ्या येतो. तू मंडळाच्या ग्रुपवर टाक."

मी टाकलं. 'सातमीला सकाळी दहा वाजता आमच्या वाडीवर मातेच्या वाहनाचं पूजन. सर्व भगिनींनी यावे.' खरं सांगते, ते टाकताना मला फार बरं वाटलं. दोन वर्षं ज्या गाढवांवरून लोक हसले, त्यांना हळद-कुंकू लागणार होतं. मंदावन्सं त्या ग्रुपवर आहेत, तेही माझ्या मनात होतं.

नैवेद्याबद्दल मात्र मी एक ओळ लिहायला हवी होती. मला माहीत होतं. आमचे जनावरांचे डॉक्टर, कुशल, बडोद्याचाच मराठी मुलगा, पहिल्याच भेटीत बजावून गेला होता, "मावशी, ह्यांना कोरडा कडबा, गवत, दुधीची सालं. धान्य नाही, गूळ नाही, तूप तर नाहीच. गाढवाचं पोट गरिबीत राहायला बनलंय, श्रीमंती त्याला झेपत नाही." म्हणून मी रोजच्या भाकरीतला तळहाताएवढा तुकडाच देत असे, त्यातला अर्धा सिग्नलचा. मनात म्हटलं, दहा वाजता येतील, तेव्हा तोंडाने सांगेन.

त्या साडेसातला आल्या.

सातमीला देवळांत गर्दी होते म्हणून बसवाल्याने लवकर निघायला लावलं, असं नंतर कळलं. हे करजणला पत्रावळी आणायला गेले होते. मी गोठ्याशी ओल्या केसांनी उभी, तोंडाला मौन, आणि फाटकातून सत्तावीस बायका ताटं घेऊन आत. सिग्नल गर्दी बघून आंब्यांच्या मागे पळाला. झिपरी जागची हलली नाही. तिने कुंभारवाड्यात नवरात्रं पाहिलेली, तिला माणसांचं भय नाही.

"बघा, बघा, कशी शांत उभी आहे! मातेचंच वाहन हो!" पूर्णिमाताई म्हणाल्या आणि पहिलं ताट पुढे केलं.

कुलेर. बाजरीचं पीठ, तूप आणि गूळ कालवून केलेले लाडू. झिपरीने एक हुंगला आणि खाल्ला. तसं तिने आयुष्यात कधी खाल्लं नसावं. मग थेपले आले, पुऱ्या आल्या, बेसनाचे लाडू आले. मी हात आडवा केला, मान हलवली.

"अगं तू राहू दे, तुझं मौन आहे. आम्ही करतो सगळं," पूर्णिमाताई म्हणाल्या. "ए पुष्पाबेन, चालो, तुमचं ताट आणा! लाइनमध्ये या, धक्काबुक्की नको!"

एका शब्दाचं काम होतं. "बस" म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हटलं नाही. मौनाचं कारण तर होतंच. पण मी पोथी वाचणारी बाई आहे, खोटं लिहिणार नाही. बायका झिपरीच्या खुरांना हात लावून नमस्कार करत होत्या, तिच्या झिपऱ्या सारून कपाळाला कुंकू लावत होत्या, आणि तो सोहळा थांबवावा असं मला वाटत नव्हतं. एक दिवस, असं मनात म्हटलं. एका दिवसाने काय होतंय.

नऊ वाजता माझी आरती झाली तेव्हा ताटं रिकामी झाली होती.

दुपारी चारला झिपरी पाण्याच्या हौदाशी आली नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती, दोन्ही कान बाजूला पडलेले. सिग्नल तिच्या पाठीवर मान टाकून उभा होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, मायलेक विसावलेत. हे म्हणाले, "सुस्तावली असेल, इतकं जेवल्यावर मीही सुस्तावतो." पण मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि ते नगाऱ्यासारखं ताठ लागलं. मी हाक मारली, "ये गं बाय." झिपरीने कानसुद्धा हलवला नाही.

कुशल तासाभरात आला. नाकातून नळी घालून तेल दिलं, सुई टोचली, खुरांना हात लावून पाहिलं, आणि मग विचारलं, "काय खाल्लं?"

मी सांगितलं. सत्तावीस ताटं म्हटल्यावर तो मटकन खाटेवर बसला.

"घोडा असता तर सकाळीच जमिनीवर लोळला असता, तुम्हाला कळलं असतं," तो म्हणाला. "गाढव सांगत नाही, मावशी. दुखलं की गप्प राहतं. लोकांना वाटतं, सहनशील आहे."

गप्प राहण्यातलं मला कोण सांगणार.

"पोट उतरेल," तो पुढे म्हणाला. "भीती पोटाची नाही, पायांची आहे. एवढं गोड आणि तूप गेलं की त्याचं विष खुरांत उतरतं. खुरांच्या आत आग पेटते, हाड जागचं सुटतं. मग ती उभी राहू शकत नाही, आणि जे गाढव उभं राहू शकत नाही त्याच्यासाठी माझ्याकडे एकच औषध उरतं. ते मला द्यायचं नाहीये. उपाय एकच, पाय गार ठेवा. बर्फासारखे गार, आत्तापासून दोन दिवस, खंड न पाडता."

गार ठेवा! शीतळेच्या दिवशी, तिच्याच वाहनाचे पाय. मला तिथल्या तिथे रडू आलं.

आमच्या फ्रीजमध्ये बर्फाचे दोन ट्रे होते. मी फोन उचलला. मी जन्मात कोणाकडे वाटीभर साखरही मागितलेली नाही.

"पूर्णिमाताई, मला बर्फ हवाय. गोत्रीतल्या सगळ्या फ्रीजमधला."

"बर्फ? कशाला गं?"

"झिपरी जाईल हो. सकाळच्या नैवेद्याने. मला माहीत होतं, तिला असलं चालत नाही. मी बोलले नाही. चूक माझी आहे."

पलीकडे शांतता. पूर्णिमाताईंना मी आजवर तीन सेकंदही शांत राहिलेलं ऐकलं नव्हतं. मग त्यांचा रडका आवाज आला, "मी चार लाडू जास्तीचे घातले गं तिला. म्हटलं, नातीची परीक्षा आहे." आणि लगेच त्यांचा नेहमीचा आवाज, फोनबाहेर, जिन्यात, "ए मालविका! खाली उतर! फ्रीज उघड आधी!"

दिवेलागणीला तीच बस पुन्हा फाटकाशी आली. सकाळी ताटं होती, आता थर्मास, आइसक्रीमचे डबे, कोणाचा टिफिन, एकीची चक्क पाण्याची टाकी. हे करजणहून बर्फाची लादी घेऊन आले. गोणपाट भिजवून, त्यात बर्फाचा चुरा भरून आम्ही झिपरीच्या चारही पायांना बांधला. वितळला की सोडायचा, पुन्हा बांधायचा. पाळ्या लावल्या. पुष्पाबेन गोठ्यातच मातेचे गरबे म्हणत बसल्या. सिग्नलला कुशलने बाजूला बांधायला सांगितलं होतं, पण त्याला दहा पावलं नेलं तशी झिपरी थरथरायला लागली, म्हणून त्याला परत तिच्या कुशीला आणलं. रात्र त्या गोणपाटांवर निघाली, ती कशी ते कोणाच्या लक्षात नाही.

सकाळी गोकुळाष्टमी. मी अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि माझं मौन सुरू झालं. साडेसातला कुशल आला. त्याने खुरांना हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"पुढचे दोन गरम होतायत. बर्फ बांधून भागणार नाही आता. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी करावी लागेल. लगेच."

ह्यांनी आणि बातमी कळून धावत आलेल्या मगनकाकांनी हौदाशेजारी खड्डा खणला, ताडपत्री अंथरली, पाणी सोडलं, उरलेली लादी फोडून टाकली. अर्ध्या तासात सगळं तयार झालं. आणि झिपरी त्यात पाय टाकेना.

गाढवाला तळ दिसत नसलेलं पाणी म्हणजे विहीरच. हे पुढून दोरी ओढत होते, मगनकाका मागून रेटत होते, पूर्णिमाताई साडी खोचून कुशीशी लागल्या होत्या. "चल गं माझे आई, चल गं, तुझ्या पाया पडते," त्या म्हणत होत्या. झिपरी काठावर खिळल्यासारखी. जितकं ओढावं तितकी मागे रेलायची, आणि रेललं की सगळा भार दुखऱ्या पायांवर.

"ओढू नका," कुशल म्हणाला. "अशाने हाड सुटेल."

ह्यांनी दोरी सोडली आणि घामेजल्या तोंडाने माझ्याकडे पाहिलं. "निरू, तू हाक मार. तुझ्या हाकेला..."

एवढं बोलून हे थांबले. बावीस वर्षांत ह्यांनी माझं मौन मोडायला कधी सांगितलं नव्हतं. ते मौन ह्यांच्याच पायाचं होतं. मी बघितलं, ह्यांनी नकळत उजवा पाय जरा मागे घेतला.

मला वाटतं मी फार विचार केला नाही. मी चप्पल काढली, लुगडं वर खोचलं आणि खड्ड्यात उतरले. बर्फाच्या पाण्याने पोटऱ्यांना अशी कळ लागली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. झिपरीच्या डोळ्यांवरचे केस बाजूला केले. कालचं कुंकू अजून कपाळावर होतं. मी मनात म्हटलं, आई, काल गप्प राहून चुकले, आज बोलून चुकू दे.

"ये गं बाय," मी म्हटलं. "ये. मी आहे इथे."

सकाळचा माझा आवाज मलाच परका वाटला. घोगरा, बावीस वर्षं पेटीत ठेवलेल्या कपड्यासारखा. झिपरीचे दोन्ही कान वर झाले. तिने नाक खाली केलं, पाण्याला लावलं, फुर्रर्र केलं. मी पुन्हा हाक मारली. तिने पुढचा एक पाय उचलला, आणि तो पाण्यात ठेवला.

दुसरा पाय. मग मागचे. शेवटचा पाय आत आला तसा सिग्नल मागून धावत येऊन स्वतःच पाण्यात पडला, आणि पूर्णिमाताई डोक्यापासून पायापर्यंत भिजल्या.

"घ्या!" त्या म्हणाल्या. "माझीही गार अंघोळ झाली. काल गीझर लावला होता, बघितलं मातेने."

तेव्हा हसू आलं सगळ्यांना. मलाही आलं, मोठ्याने. माझ्या हसण्याने हे चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले.

तो दिवस आणि त्यानंतरची सकाळ, झिपरी पाण्यात उभी आणि आम्ही पाळीपाळीने तिच्याजवळ. मी अष्टमीचा उपास त्या खड्ड्याच्या काठावर सोडला, मंदावन्संनी आणलेल्या सुंठवड्यावर. त्या न सांगता आल्या होत्या, बडोद्यातल्या हरणीहून रिक्षा करून, मांडीवर बर्फाची पिशवी घेऊन. साडी ओली झाली तरी पिशवी सोडली नव्हती. घोड्याबद्दल काही बोलल्या नाहीत. झिपरीच्या मानेवर दोन बोटं टेकवून म्हणाल्या, "मऊ आहे गं." नवमीला दुपारी कुशलने चारही खुरं पुन्हा पुन्हा चाचपली, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "गार आहेत. मावशी, गार आहेत!" मी त्याच्या पाया पडायला वाकले तर तो उडी मारून मागे झाला. "मी तुमच्या मुलाच्या वयाचा आहे हो!"

झिपरी आता बरी आहे. पुढचा डावा पाय थोडा जपून टाकते. महिन्यातून एकदा कुशल खुरं कापून जातो.

ह्या वर्षीच्या सातमीची सूचना मी स्वतः लिहिली, आणि ती लांब झाली. सकाळी दहा, त्याआधी फाटक बंद. नैवेद्य घरी खावा. वाहनासाठी प्रत्येकीने एक तांब्या गार पाणी आणावं आणि मूठभर कोरडं गवत. चव्वेचाळीस जणी आल्या. एकेकीने झिपरीच्या खुरांवर पाणी घातलं, गवत दिलं. पुष्पाबेन म्हणाल्या, हीच खरी शीतळामाची पूजा, आजवर आम्ही उलटं करत होतो. झिपरीने शेवटी पूर्णिमाताईंच्या नव्या साडीचा पदर चघळून पूजेची सांगता केली.

मौनाचं काय केलं, असं मंडळातल्या एकीने विचारलं. मी देवीपुढे बसून नवीन बोलणं केलं. मौन आहेच, नवापर्यंत, पूर्वीसारखं. फक्त पहाटे उठल्यावर गोठ्याच्या दाराशी जायचं आणि एक हाक मारायची, मग तोंड मिटायचं. त्या एका हाकेत देवीचं सगळं देणं मान्य करून टाकते मी. ह्यांचा पाय, झिपरीचे पाय, घराघरांतून आलेला बर्फ.

एखादे दिवशी मला उठायला उशीर झाला तर झिपरीच ओरडते. गाढवाचं ओरडणं म्हणजे काय ते ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे, अख्खी सीम, म्हणजे गावाची शीव, जागी होते. हे अंथरुणातून म्हणतात, "जा बाई, तुझी गाडी शिट्टी देतेय."

मी घाईघाईने पदर सावरत बाहेर जाते. ती दारातून मान बाहेर काढून उभी असते, डोळ्यांवर केस, आणि सिग्नलचा एक कान वर.